वाढदिवसाची अंगतपंगत घरीच: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मित्रमैत्रिणींनी मिळून दहा-पंधरा माणसांचं वाढदिवसाचं जेवण घरी करायचं ठरलं की तेच ते प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळा हिशेब नागपूरचा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ऊन आणि तिखट दोन्ही कमी करून वाचावं.

अंगतपंगत म्हणजे ज्याला जे सुचेल ते त्यानं आणायचं, असंच ना?

नाही. तसं केलं की चार घरून आलू-मटर येतं, तीन घरून गुलाबजाम येतात आणि पोळ्या कुणाच्याच नसतात. शिवाय आलेला प्रत्येक डबा "जरासा गरम करून घे" म्हणत ओट्यावर चढतो. शेगडीला बर्नर दोन, डबे नऊ. पाहुणे हॉलमध्ये गप्पा मारतात आणि जिचा वाढदिवस ती कढईपुढे उभी.

म्हणून आमचा नियम साधा आहे. गरमच खायला हवा असा एकच पदार्थ, तोही ज्या घरी जेवण आहे तिथेच करायचा. बाहेरून येणारं सगळं गार किंवा कोमट चाललं पाहिजे. एवढं पाळलं तर बाकीची निम्मी भांडणं आपोआप मिटतात. पुढची बरीच उत्तरं याच नियमातून आली आहेत.

मग तो एक गरम पदार्थ कोणता?

माझं मत गोळाभात. पुलाव सगळेच करतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहत नाही. वडाभातही उत्तम, पण त्यात वडे तळायचं काम येतं आणि तळणारा माणूस तासभर जागचा हलत नाही. गोळाभात एकदा वाफेवर ठेवला की हात मोकळे.

बारा माणसांना, सोबत बाकीचे पदार्थ आहेत असं धरून, तांदूळ पाऊण किलो आणि हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा अर्धा किलो पुरतो. भरडा गिरणीतून काढून आणावा. बारीक बेसनाचे गोळे घट्ट आणि चिकट होतात. भरड्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, थोडा ओवा, बारीक चिरलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालून वरून कडकडीत तेलाचं मोहन द्यायचं. मोहनात कंजुषी केली की गोळा घशात अडकतो. पाण्याचा हात लावत घट्टसर भिजवून लिंबाएवढे गोळे वळायचे. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात निम्म्याहून थोडा जास्त शिजला, वरचं पाणी आटत आलं की गोळे अलगद त्यावर मांडायचे, घट्ट झाकण, मंद आच, खाली तवा. वीस-पंचवीस मिनिटांनी एक गोळा फोडून पाहायचा. आतून ओला पिवळा दिसला तर अजून वाफ हवी.

खरी मजा पुढे आहे. फोडणीचं तेल पाव किलो तरी घ्या. मोहरी तडतडली की हिंग, भरपूर ठेचलेला लसूण आणि अख्ख्या सुक्या लाल मिरच्या. लसूण कडेनं बदामी व्हायला लागला की गॅस बंद, कारण गरम तेलात तो पुढे होतच राहतो आणि काळा झाला की सगळी फोडणी कडू. पान वाढताना गोळा भातावर हातानं कुस्करायचा आणि वरून पळीभर तेल सोडायचं. भाताचा चर्र आवाज येतो, पाहुणा "बस बस" म्हणतो, आणि वाढणाऱ्यानं तिकडे लक्ष न देता अर्धी पळी आणखी घालायची असते. सोबत कढी पातळच हवी. एक किलो आंबट दह्याला साधारण दोन लिटर पाणी आणि पाच-सहा चमचे बेसन, एवढं बारा जणांना होतं.

तेलाची कढली पंगतीत फिरवताना लहान मुलं मधे नकोत. हे काम एकाच मोठ्या माणसाकडे द्या.

बाकीचे पदार्थ कसे वाटून द्यायचे?

वाटून "विचारू" नका, वाटून "सांगा". "तू काय आणशील?" असं विचारलं की पलीकडून उत्तर येतं, "तू सांग ना." त्यात दोन दिवस जातात. त्यापेक्षा ग्रुपवर असा एकच निरोप टाकायचा:

"रविवारी संध्याकाळी सात वाजता घरी. गोळाभात आणि कढी मी करते. प्रिया: पाटवडी, रस्सा वेगळ्या डब्यात. भूषण: मठ्ठा, तीन लिटर. काकू: सांबारवडी, प्रत्येकी दोन हिशेबानं. निखिल: पत्रावळी, बर्फ, पाण्याच्या दोन कॅन. बदल हवा असंन तर आजच सांगा, शनिवारी राती नाही."

यात पदार्थ आहे, माप आहे आणि मुदत आहे. माप न सांगता "मठ्ठा आण" म्हटलं तर कुणी एक तांब्या आणतं, कुणी बादली.

पाटवडी आणणाऱ्याला एक सूचना नक्की द्या: वड्या रश्शात घालून आणायच्या नाहीत. थापून, वर खोबरं-खसखस-सांबार भुरभुरून कापलेल्या वड्या कोरड्या डब्यात, रस्सा वेगळा. पान वाढताना वाटीत वड्या आणि त्यांवर रस्सा. तासभर आधी बुडवल्या तर वडी फुगते आणि तळाशी पिठलं उरतं. तेवढा रस्सा एका बर्नरवर गरम करायला माझी हरकत नाही, नियमाला एक अपवाद पुरे.

सांबारवडी मात्र आणेपर्यंत थोडी मऊ पडतेच. वरचं आवरण कुरकुरीत हवं तर तव्यावर तेल न घालता दोन मिनिटं परतून घ्या. आणि बाहेरगावच्या पाहुण्याला आधी सांगून ठेवा की आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर तो इडलीची वाट पाहत बसतो.

एकाला स्वयंपाक येतच नाही. दुसरा हॉस्टेलवर राहतो. त्यांच्याकडून काय घ्यायचं?

हे सगळ्यात कामाचे लोक, त्यांना केळी आणि चिप्सवर वाया घालवू नका. बर्फ, पत्रावळ्या, दही, लिंबं, पापड, संत्रा बर्फी, केक आणणं, आजीला स्कूटरवर नाही तर रिक्षातून घेऊन येणं, आणि जेवणानंतर गंज घासणं. शेवटचं काम आधीच नावानं ठरवा. जेवणानंतर सगळे "मी करतो, मी करतो" म्हणतात आणि चप्पल घालतात.

किती माणसांचा स्वयंपाक धरायचा? निम्मे लोक पक्कं सांगतच नाहीत.

नागपुरात "येतो ना भाऊ" म्हणजे बहुधा येतो, "पाहतो" म्हणजे बहुधा येत नाही, आणि ज्यानं उत्तरच दिलं नाही तो सोबत मावसभावाला घेऊन येतो. "पाहतो" वाल्यांतले निम्मे धरा. तरी चुकलं तर भात आणि कढी वाढवता येते. कढीत पाणी आणि मीठ, भाताचा दुसरा छोटा कुकर. वड्या, गोळे, मटण ऐन वेळी वाढत नाहीत. म्हणून मोजून येणाऱ्या पदार्थांत चार-पाच नग जास्तीचेच सांगावेत.

घरात एवढी मोठी भांडी नसतील तर मोहल्ल्यातल्या बिछायत केंद्रात गंज, परात, झारा, पळ्या, चटया सगळं भाड्यानं मिळतं. पंधरा माणसांसाठीही देतात, लाजायचं कारण नाही. फक्त परत करताना भांडी मोजून द्या आणि घेतानाही त्यांच्यासमोर मोजून घ्या.

सावजी मटणाशिवाय वाढदिवस कसला, असं मित्रांचं म्हणणं आहे.

बरोबर आहे त्यांचं. सावजी ही मूळची हलबा कोष्टी समाजाची, म्हणजे नागपूरच्या विणकरांची पाककला. आज शहरात चौकाचौकात सावजी भोजनालय आहे, त्यामुळे घरी करायचा हट्ट धरण्याआधी विचार करा. तो मसाला भाजून, वाटून, तेल सुटेपर्यंत परतणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ज्याच्या घरी ते रोजच्या हातचं आहे त्यानंच ते अंगावर घ्यावं, नाहीतर ओळखीच्या भोजनालयातून पार्सल आणावं. हे एक असं पार्सल आहे की ज्याला कुणी नाव ठेवत नाही.

हाडासकट एक किलो मटण चार ते पाच जणांना होतं. सोबत गोळाभात आहे म्हणून पाच धरा. मटण असेल त्या दिवशी गरम पदार्थ दोन झाले, हे मान्य करून दुसरी शेगडी किंवा शेजारणीचं स्वयंपाकघर आधीच मागून ठेवा.

तर्री, म्हणजे रश्शावर तरंगणारं तिखट लाल तेल, वेगळ्या भांड्यात काढून ठेवली तर ज्याला सोसतं तो वरून घेईल आणि बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. वाढायची पळी वेगळी, टेबलाचं टोक वेगळं. शाकाहारी मंडळींना "त्यातला रस्साच घे ना, पीस नको घेऊ" असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक गटात असतो. त्याला त्या दिवशी बर्फ आणायला पाठवा.

वार, उपास आणि जैन मित्र यांचं कसं जमवायचं?

वाढदिवस सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, चतुर्थीला, एकादशीला किंवा श्रावणात आला तर मांसाहाराचा प्रश्नच काढू नका, पुढच्या रविवारी करा. तारखेचा फार आग्रह असेल तर त्या दिवशी केक, जेवण नंतर.

जैन मैत्रीण येणार असेल तर दोन गोष्टी. कांदा, लसूण, आलू यांशिवायचं काहीतरी तिला पोटभर मिळालं पाहिजे, आणि ती सूर्यास्तानंतर जेवत नसेल तर साडेआठचं निमंत्रण म्हणजे तिला उपाशी ठेवणं. हे दोन्ही तिलाच विचारा, सगळ्यांचं पाळणं सारखं नसतं. गोळाभाताची एक छोटी फोडणी लसणाशिवाय, नुसती मोहरी-हिंग-मिरचीची केली की काम होतं, कारण गोळ्यात लसूण घातलेला नाहीच. मुसलमान मित्र असतील तर मटण हलाल दुकानातून आणा आणि आणलंय हे आधी सांगा, त्यांना विचारावं लागू नये.

ॲलर्जीचं मात्र गमतीवारी नेऊ नका. आपल्याकडे फल्लीदाणे (शेंगदाणे) कुठेही असतात: डाळभाजीत, चटणीत, कोशिंबिरीत, चिवड्यात. ज्याला त्रास आहे त्यानं ग्रुपवर सांगायचं आणि आणणाऱ्यानं डब्यावर चिठ्ठी लावायची.

वाढदिवस मे महिन्यात आहे. जमेल का?

जमेल, पण दुपारी नाही. पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना लोकांना भर दुपारी डबे घेऊन मानेवाड्याहून सदरला बोलावणं हा मैत्रीचा गैरफायदा आहे. साडेसातनंतर बोलवा.

अन्नाचं गणितही बदलतं. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा सर्वसाधारण नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूरच्या मे महिन्यात रात्री नऊलाही हवा त्याहून गरम असू शकते. म्हणून दही, मठ्ठा, श्रीखंड, कापलेली फळं हे सगळं पान वाढेपर्यंत फ्रीजमध्ये किंवा बर्फात. फ्रीज आदल्या रात्रीच रिकामा करा. पाण्याच्या बाटल्या माठाच्या भरवशावर बाहेर काढा, जागा पदार्थांना द्या.

आणि कूलर. पाणी पाहुणे यायच्या आधी भरा, समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर अर्ध्या तासात खोलीत नुसता दमटपणा. कूलरचा झोत स्वयंपाकघराच्या दारातून शेगडीवर जात नाही ना, ते पाहा. ज्योत फडफडते आणि मंद आचेवरचा गोळाभात एका बाजूनं कच्चा राहतो. कूलर, इंडक्शन आणि मिक्सर एका एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. या दिवसांत लाईट आधीच नाजूक असते.

मेनूतूनही तिखट कमी करा. कैरीचं पन्हं, कांद्याची दह्यातली कोशिंबीर, आंब्याचा रस आणि कुरडया. रस असेल तर दुसरं गोड नको.

मग सगळ्यात चांगला मोसम कोणता?

डिसेंबर-जानेवारी. गच्चीवर पंगत बसते, आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, वांगी आणि वालाच्या शेंगा स्वस्त असतात. गच्चीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारा. कुणीतरी "रोडगे करू" म्हणेलच. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, शेतावर. फ्लॅटच्या गच्चीवर गोवऱ्या पेटवून धूर केला तर पुढच्या वर्षी गच्ची मिळणार नाही.

तारीख ठरवताना शहरातलं काही पाहावं लागतं का?

तीन गोष्टी. हिवाळी अधिवेशन सुरू असेल तर विधानभवन आणि सिव्हिल लाईन्सच्या बाजूला मोर्चे आणि अडवलेले रस्ते. दसरा आणि १४ ऑक्टोबर या दोन्ही वेळी दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात आणि त्या भागातली वाहतूक वळवलेली असते. पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मारबतीची (मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक असते, तेव्हा इतवारी-महालातल्या माणसाला "लवकर ये" म्हणू नये आणि त्याच्या घरी तर जेवण ठेवूच नये. एरवी मेट्रोच्या जवळ घर असेल तर निमंत्रणात स्टेशनचं नाव लिहा. दोन्ही मार्ग सीताबर्डीला मिळतात, म्हणजे लोकमान्यनगरचा आणि खापरीचा दोघेही डबा मांडीवर घेऊन आरामात येतात.

केक की औक्षण?

दोन्ही, आणि औक्षण आधी. घरात आई, आजी, काकू कुणी असेल तर त्यांना बोलावून ज्याचा वाढदिवस त्याला पाटावर बसवा. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते झाल्यावर मोठ्या माणसांना हा कार्यक्रम आपलाही वाटतो. आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत वाढदिवसाला दिवा विझवायचा नाही म्हणून केकवर मेणबत्त्या लावत नाहीत. ते मला पटतं, निराळ्या कारणानं: फुंकर मारली की जे काही तोंडात आहे ते क्रीमवर जातं आणि मग तोच केक पंधरा जण खातात. मुलांना फुंकर हवीच असेल तर मेणबत्ती वाटीतल्या एका पेढ्यावर लावा, तो पेढा ज्याचा त्यानं खावा.

केक बारा-पंधरा माणसांना एक किलो पुरतो, कारण जेवणानंतर कुणाला बोटभरच हवा असतो. अंड्याचा की बिनअंड्याचा ते ऑर्डर देतानाच ठरवा. उन्हाळ्यात क्रीमचा केक स्कूटरवर आणू नका. त्याऐवजी सुका केक घ्या, नाहीतर संत्रा बर्फीची चळत रचून त्यावरच सुरी चालवा. फोटोत बरी दिसते. तोंडाला केक फासण्याचा प्रकार घरात बंद. सोफ्याच्या कापडातलं क्रीम कसं निघतं ते आजवर कुणी मला सांगू शकलेलं नाही.

रात्री बारा वाजता केक कापायला सगळे येतो म्हणतात.

येऊ द्या, पण चार जण, आवाज न करता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावता येत नाही. नियम राहू द्या बाजूला, खालच्या मजल्यावरच्या काकांची झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून मोठी परात मागायची कोणत्या तोंडानं? जेवण त्याच रात्री ठेवू नका. बाराला जागलेले लोक सकाळी काही कामाचे नसतात.

"पार्टी दे बे" म्हणायची आपली पद्धत. मग खर्च कुणाचा?

ज्याचा वाढदिवस त्याचं घर, गॅस आणि तो एक गरम पदार्थ. बाकी ज्याच्या त्याच्या डब्याचं ज्याचं त्याला. मटण, केक आणि बिछायतीचं भाडं हे तीन मोठे खर्च तेवढे वर्गणीत घ्या आणि आकडा जेवणाआधी ग्रुपवर टाका. जेवणानंतर टाकलेल्या आकड्याला अंगठा येतो, पैसे येत नाहीत.

कॉलेजातला किंवा नुकताच नोकरी सुटलेला कुणी असेल तर त्याला वर्गणीतून वगळून कामात घ्या, आणि हे त्याच्याशी एकट्यात बोला. भेटवस्तू नको असतील तर निरोपातच "गिफ्ट नको, डबा आणा" असं लिहा. तरी कुणी आणलीच तर गुपचूप ठेवून द्या, सगळ्यांसमोर उघडू नका.

ताटं कसली वापरायची?

पळसाच्या पत्रावळ्या आणि द्रोण. थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर. बंदी नसती तरी गरम तेलाच्या फोडणीखाली थर्माकोल टिकत नाही. पत्रावळीवर कढी सांडते म्हणून कढीला स्टीलची वाटी. पेल्यांना नावाची चिठ्ठी लावण्यापेक्षा प्रत्येकानं स्वतःचा पेला घरून आणला तर धुणं निम्मं होतं.

लहान मुलांनी काय खायचं?

वरण-भात-तूप. एक छोटा कुकर बाजूला लावायचा, तिखटाचे प्रयोग त्यांच्यावर करायचे नाहीत. त्यांना सातलाच वाढून मोकळं करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायला कुणी पुढे आलं तर थांबवा, मग ती आजी का असेना. त्या वयात मधातून गंभीर आजार होऊ शकतो.

संध्याकाळी नकोच. सकाळी करता येईल?

करता येईल, आणि ते स्वस्तही पडतं. तर्री-पोहे, म्हणजे काळ्या हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे. एक किलो पोहे बारा-चौदा जणांना, काळे हरभरे अर्धा किलो रात्रभर भिजवून. तर्री आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवली तरी सकाळी खळखळून उकळली की चव वाढलेलीच असते. पोहे मात्र माणसं दारात आल्यावरच भिजवा. वर कांदा, शेव, लिंबू, नंतर चहा. साडेनऊला सुरू, अकराला घर रिकामं. नोकरी करणाऱ्यांना आणि मुलं लहान असलेल्यांना मी हेच सुचवते.

पिण्याची सोय?

आजी-आजोबा आणि मुलं असलेल्या पंगतीत नको, एवढंच माझं मत. ठेवायचीच तर आधी सांगा, गाडी कोण चालवणार ते ठरवा, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी २१, मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे हे कॉलेजच्या मंडळींना आठवून द्या.

उरलेल्याचं काय करायचं?

भात पहिला. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून रात्री गप्पा संपेपर्यंत गंज ओट्यावर ठेवायचा नाही. जेवणं झाली की पसरट ताटात काढून गार करा आणि फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या सकाळी फोडणी देऊन संपवा. उरलेले गोळे कुस्करून कांद्यावर परतले की झकास लागतात, माझ्या मते रात्रीपेक्षाही.

जे वाटायचं ते त्याच रात्री वाटा. चौकीदार, कामवाल्या ताई, खालचे काका, यांना द्यायचं ते जेवणं सुरू व्हायच्या आधी वेगळं काढलेलं चांगलं. उष्ट्यातून उरलेलं त्यांच्या हातात ठेवू नये. फोडणीचं उरलेलं तेल गाळून ठेवून चार-पाच दिवसांत भाजीला वापरा. लसणाचे तुकडे त्यात राहू देऊ नका.

लोकांचे डबे माझ्याकडेच राहतात. वर्षभर फिरतात.

आणणाऱ्यानंच झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं नाव लिहायचं, बाहेरून लिहिलेलं घासताना जातं. निघताना दारात एक जण उभा करा, ज्याचा डबा त्याच्या हातात देणारा. धुवायला वेळ नसेल तर तसाच द्या, जवळच्या माणसाला खरकटा डबा दिल्यानं कुणी तुटत नाही. आणि झाकणं आधी जुळवा. डबे नेहमी परत जातात, झाकणंच मागे राहतात.

ऐन जेवणात लाईट गेली तर?

गोळाभात गॅसवर आहे, कढी गॅसवर आहे. पंखा गेला, मिक्सर गेला, बस्स. औक्षणाचं निरांजन तेवतंच आहे, ते उंच जागी ठेवा, इमर्जन्सी लाईट स्वयंपाकघरात द्या आणि वाढणं चालू ठेवा. पाण्याची टाकी मात्र संध्याकाळी पाचलाच भरून घ्या, कारण मोटर लाईटवर चालते आणि हात पंधरा जणांना धुवायचे असतात.